पुस्तकांची निवड आणि शब्दांची ओळख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चांगले पुस्तक शोधणे आणि नवे शब्द शिकणे ही दोन कामे एकमेकांना धरून चालतात. पुस्तक वाचकाच्या आवडीला आणि तयारीला जुळणारे असेल तर तो वाचत राहतो, आणि तो वाचत राहिला तरच एखादा नवा शब्द त्याच्या नजरेखालून पुन्हा पुन्हा जातो. शब्द पक्का होण्याचा मुख्य मार्ग हाच आहे. सावली हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, वैनगंगेलगतचा तालुका. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. धानाच्या, जंगलाच्या आणि झाडीबोलीच्या या मुलखात वाचनाविषयी काही समज घट्ट बसलेले आहेत. त्यांतले बरेचसे महाराष्ट्रात इतरत्रही आढळतात. वस्तुस्थितीच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाहीत.

गैरसमज १ : चांगली पुस्तके नागपूर-पुण्यासारख्या शहरांतच मिळतात.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात ‘सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ लागू आहे. त्यानुसार गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असून लहान गावांतली ग्रंथालये बहुधा शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. अनामत आणि थोडी वर्गणी भरली की पुस्तक घरी नेता येते. अशा ग्रंथालयांत पुस्तके पुष्कळदा कपाटबंद असतात, त्यामुळे दर्शनी भागात दिसतात तेवढीच पुस्तके आहेत असा ग्रह होतो. ग्रंथपालाकडे विषय सांगून चौकशी केली किंवा दाखल नोंदवही पाहायला मागितली, तर वर्षानुवर्षे कोणी न काढलेली उत्तम पुस्तके हाती लागतात. जिल्हा पातळीवर शासकीय ग्रंथालय असते आणि शासनातर्फे ग्रंथोत्सवही भरवला जातो.

पुस्तक विकत घ्यायचे असेल तर चंद्रपूरची दीक्षाभूमी हे जवळचे ठिकाण आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दर ऑक्टोबरात भरणाऱ्या सोहळ्यात पुस्तकांची दुकाने लागतात आणि इतिहास, कायदा, चरित्रे, वैचारिक लेखन परवडणाऱ्या किमतीत मिळते.

मोबाइलवर मोफत आणि कायदेशीरपणे वाचता येण्याजोगेही बरेच आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आणि बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या मंचावर लहान मुलांच्या गोष्टी मराठीबरोबर गोंडीतही आहेत.

गैरसमज २ : गाजलेले किंवा पुरस्कार मिळालेले पुस्तक प्रत्येकासाठी चांगलेच असते.

वस्तुस्थिती : भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन याच प्रश्नाशी निगडित आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पुस्तकाचा चांगलेपणा असा वाचकाच्या संदर्भात ठरतो. पुरस्कारामुळे जाणकारांचे मत कळते. या वाचकाला ते पुस्तक आज रुचेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

निवडीची एक खात्रीची वाट म्हणजे ओळखीच्या विषयापासून सुरुवात करणे. आपल्या परिसरावरचे पुस्तक वाचताना झाडे, रस्ते, माणसांचे व्यवहार आधीच ठाऊक असतात, त्यामुळे सगळे लक्ष भाषेकडे आणि विचाराकडे देता येते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला अशा पुस्तकांची उणीव नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावरचे डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, तिथल्याच वन्यप्राण्यांवरचे विलास मनोहर यांचे ‘नेगल’, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावावरचे मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचे लेखन ही त्यांतली काही नावे. खुद्द सावलीचीही पुस्तकात नोंद आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीत भरले होते आणि त्या वेळची गांधीजींची भाषणे त्यांच्या संकलित वाङ्मयात छापलेली आहेत.

दुसरी वाट म्हणजे एका पुस्तकावरून दुसऱ्याकडे जाणे. आवडलेल्या पुस्तकाची प्रस्तावना, संदर्भसूची आणि त्याच लेखकाची इतर पुस्तके यांतून पुढची यादी आपोआप तयार होते. पुस्तक हातात आल्यावर मलपृष्ठ आणि अनुक्रमणिका पाहून मधली दोन पाने वाचावीत. सुरुवातीची पाने लेखकाने विशेष घासूनपुसून लिहिलेली असतात. मधल्या पानांवर त्याची नेहमीची भाषा दिसते.

गैरसमज ३ : पुस्तक जितके कठीण, तितके शब्द जास्त शिकता येतात.

वस्तुस्थिती : दर ओळीला अडखळावे लागले तर वाक्याचा अर्थ लागत नाही, आणि वाक्याचा अर्थ लागला नाही तर त्यातल्या नव्या शब्दाचाही लागत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरील संशोधनात पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोन अनोळखी शब्द चालतात. अडीचशे शब्दांच्या पानावर हे प्रमाण पाच शब्दांचे होते. शिक्षक वापरतात ती ‘पाच बोटांची’ पद्धत या आकड्याशी जुळते : मधले एक पान वाचावे, अनोळखी शब्द आला की एक बोट दुमडावे, पानाच्या शेवटी पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. एकही बोट दुमडले गेले नाही तर पुस्तक आनंदासाठी उत्तम, पण नवे शब्द त्यात थोडे मिळतील. दोन-तीन बोटे दुमडणारे पुस्तक शब्द शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे.

याच कारणाने हाती घेतलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, हा आग्रहही योग्य नाही. न झेपणारे पुस्तक रेटत राहिल्याने वाचनच थांबण्याचा धोका असतो. ते परत करून वर्षभराने पुन्हा काढता येते.

गैरसमज ४ : अनोळखी शब्द आला की लगेच थांबून शब्दकोश पाहावा.

वस्तुस्थिती : प्रत्येक शब्दाला थांबल्याने कथानकाचा किंवा युक्तिवादाचा धागा तुटतो. आधी अंदाज, नंतर कोश हा क्रम अधिक उपयोगी ठरतो. एक वाक्य पाहू : ‘तीन दिवसांच्या पावसाने मामा तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागले.’ ‘सांडवा’ हा शब्द माहीत नसला तरी तलाव भरलेला आहे आणि पाणी एका जागेवरून बाहेर पडते आहे, हे वाक्यच सांगते. जादा पाणी निघून जाण्यासाठी बांधात ठेवलेली वाट, हा अर्थ जवळजवळ हाती येतो. ‘सांडणे’ हे क्रियापद आणि ‘सांडपाणी’ हा शब्द आठवला की अंदाज पक्का होतो. पेन्सिलने बारीक खूण करून पुढे जावे आणि प्रकरण संपल्यावर कोश उघडावा. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर खुणेऐवजी कागदाची चिठ्ठी घालावी.

कोशात शब्द सापडत नाही ही तक्रार पुष्कळदा शब्दाच्या रूपामुळे येते. मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. कोशात मात्र मूळ रूप असते. ‘सांडव्यावरून’साठी ‘सांडवा’, ‘तळ्यात’साठी ‘तळे’, ‘विहिरीला’साठी ‘विहीर’ शोधावे लागते. शेवटच्या उदाहरणात ऱ्हस्व-दीर्घही बदलतो. मराठी-इंग्रजी अर्थासाठी मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि मराठी-मराठी अर्थासाठी दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) हे दोन मोठे आधार असून दोन्ही आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात.

गैरसमज ५ : शब्द आणि अर्थ वहीत उतरवून पाठ केले की शब्द आपला झाला.

वस्तुस्थिती : हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटते. त्यावर उपाय म्हणजे अंतर ठेवून उजळणी. उजळणी म्हणजे नुसते पुन्हा वाचणेही पुरेसे नाही. रोडिजर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले.

शब्दांची वही त्या दृष्टीने आखावी. डाव्या बाजूला ‘सांडवा’ हा शब्द आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य. उजव्या बाजूला अर्थ, ‘सांडणे, सांडपाणी’ हे कुळातले शब्द आणि स्वतःचे एक वाक्य, जसे ‘आसोलामेंढा तलावाचा सांडवा पाहायला पावसाळ्यात लोक येतात.’ दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजवी बाजू झाकून अर्थ आठवावा. वनजिल्ह्यात कुळाने शिकण्याची सोय तर कार्यालयांच्या पाट्यांवरच आहे : वनरक्षक, वनपाल, वनोपज, वनीकरण, वनहक्क. एक ‘वन’ समजले की पाचही शब्दांची अर्धी वाट सरते.

वहीत सारे शब्द मावत नाहीत. बहुतेक शब्द नकळत, वाचता वाचता येतात. विल्यम नॅगी आणि सहकाऱ्यांच्या १९८७ मधील अमेरिकेतील अभ्यासात, अनोळखी शब्दाचा अर्थ एका भेटीत मुलाला कळण्याची शक्यता साधारण विसात एक निघाली. हे प्रमाण थोडे वाटते. पण वर्षभरात नजरेखालून जाणारे हजारो शब्द धरले तर त्याची बेरीज मोठी होते.

गैरसमज ६ : बोलण्याऐकण्यातून पुरेसे शब्द मिळतात, त्यासाठी वाचायला नको.

वस्तुस्थिती : ऐकण्याचे मोल मोठे आहे. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटके प्रेक्षकांच्या कानावर बोली आणि नाटकी मराठी दोन्ही घालतात. परंतु रोजच्या संभाषणात तेच नेहमीचे शब्द फिरतात. हेज आणि अहरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीचे मोजमाप केले, तेव्हा सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांपेक्षा लहान मुलांच्या पुस्तकांतच विरळ शब्दांचे प्रमाण जास्त भरले. म्हणून मुलाला गोष्ट वाचून दाखवणे हे त्याच्याशी नुसते बोलण्यापेक्षा वेगळे काम करते. मूल स्वतः वाचू लागल्यावरही ते चालू ठेवणे फायद्याचे असते.

गैरसमज ७ : घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलली तर प्रमाण मराठी कच्ची राहते.

वस्तुस्थिती : एक भाषा दुसरीची जागा अडवत नाही. पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडले आहे. युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालानेही मातृभाषेतून शिक्षणाच्या आरंभाची शिफारस केली होती.

बोलीचा शब्द हा प्रमाण शब्दाचा बिघाड नव्हे. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हा त्या बोलीचा नियम आहे. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणा हे धानशेतीतले शब्द नेमके अर्थ सांगतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला. दाते-कर्वे यांच्या कोशातही प्रांतिक शब्द प्रदेशाच्या खुणेसह नोंदलेले आहेत. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची नावे टिपली आणि जिथे शब्द नव्हता तिथे घडवला; कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’. ‘पक्षिकोश’सारखे त्यांचे काम या शब्दधनावर उभे आहे. विद्यार्थ्याने वहीत बोलीतला आणि प्रमाण मराठीतला शब्द शेजारी शेजारी लिहावेत आणि कोणता कुठे वापरायचा ते लक्षात ठेवावे.

गैरसमज ८ : शाळा-कॉलेज संपल्यावर नवे शब्द येत नाहीत.

वस्तुस्थिती : वयानुसार झटपट हिशेब करण्याचा वेग कमी होतो, पण शब्दसंग्रह त्याच चालीने घटत नाही. हार्टशॉर्न आणि जर्मीन यांच्या २०१५ मधील मोठ्या अभ्यासात शब्दज्ञान साठीच्या पुढेमागे सर्वाधिक आढळले. शेती, घर, नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा सांभाळून रोज वीस मिनिटे वाचणाऱ्या प्रौढाचाही संग्रह वाढतो. त्यासाठी पानामागे दोन-तीन अनोळखी शब्द असलेले आवडीच्या विषयावरचे पुस्तक, जवळच्या ग्रंथालयाचे सभासदत्व आणि अंतराने चाळली जाणारी एक वही एवढे साहित्य पुरते.