फळी घ्यावी किती लिटरची?

वहाण घेताना माणूस पाय मापतो, गादी घेताना खोली मापतो. पण पाण्यावर उभे राहायची फळी घ्यायची वेळ आली की चांगली शहाणीसुरती माणसेही स्वतःचे माप विसरतात आणि शेजाऱ्याच्या फळीकडे बघून खरेदी करतात. गेली चार वर्षे मी हा प्रकार इथे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी पाहत आले आहे. विंग फॉइल नावाच्या खेळाचे वेड इथल्या मराठी घरांतही शिरले आहे. दादर-पुण्याहून उन्हाळ्यात आलेले सासू-सासरे किनाऱ्यावर सतरंजी अंथरून डब्यातली थालीपीठे खात मुला-सुनांची ही मर्दुमकी बघत बसतात. तेव्हा यंदाच्या फराळाबरोबर हा विषय घ्यायला वाचकांची हरकत नसावी.

खेळ असा. हातात फुगवलेल्या कापडाचा पंख धरायचा, साधारण पाच चौरस मीटरचा. पायाखाली बोर्ड. बोर्डाच्या पोटातून खाली पाण्यात हातभर लांबीचा एक दांडा गेलेला, आणि त्याच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. यालाच फॉइल म्हणतात. वारा हातातल्या पंखात भरला, बोर्डाला ताशी बारा-पंधरा किलोमीटरचा वेग आला, की पाण्यातले ते छोटे पंख बोर्डाला माणसासकट वर उचलतात. मग बोर्ड पाण्याला शिकत नाही, लाटांचा धक्का लागत नाही, आवाजसुद्धा होत नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अगं, हा तर पाण्यावरून चालत निघाला!"

कल्पना तशी जुनी आहे. इटलीत एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरावर अशी पाण्यातल्या पंखांवर उचलली जाणारी होडी चालवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या होडीने १९१९ साली कॅनडात ताशी सत्तर मैलांच्या वर वेग गाठून विक्रम केला. हातात पंख धरून त्याच विद्येवर एकट्या माणसाने स्वार होणे मात्र अगदी अलीकडचे. बाजारात हे सामान मिळू लागले ते २०१९ च्या सुमारास.

आता मुद्द्याकडे येते. बोर्ड एकदा उचलला गेला की तो हवेत असतो. तेव्हा तो मोठा की लहान याने फारसे अडत नाही. त्याचे खरे काम उडण्याच्या आधी आणि उडणे थांबल्यानंतर. गुडघ्यांवर बसून पंख सावरायचा असतो तेव्हा, आणि वारा पडला म्हणजे घरी परतायचे असते तेव्हा. दुकानातले चित्र मात्र नेहमी उडणाऱ्या माणसाचे असते.

बाईमाणसाने आपले वजन छापील कागदावर सांगू नये असा संकेत आहे. पण या विषयात वजन सांगितल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, म्हणून सांगते. माझे ६२ किलो, आमच्या ह्यांचे ८६. (हे ८४ सांगतात. वजनकाटा आमच्याच घरात आहे.)

बोर्ड लिटरवर विकतात. त्यामागे शाळेत शिकलेला आर्किमिडीजच आहे: एक लिटर आकारमानाची वस्तू पाण्यात पूर्ण बुडली तर ती सुमारे एक किलो वजन तोलून धरते. समुद्राचे पाणी खारट, म्हणून लिटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम जास्त; तेवढीच मिठाची मेहेरबानी. आता माझा हिशेब मांडा. मी ६२. ओला रबरी पोशाख, तरंगण्याचे जाकीट आणि शिरस्त्राण मिळून ४. बोर्डाचे स्वतःचे वजन ७. फॉइल ५. बेरीज ७८. म्हणजे ७८ लिटरच्या बोर्डावर मी बसले तर बोर्ड जेमतेम पाण्याच्या पातळीला राहील आणि माझे गुडघे पाण्यात. जमा-खर्च बरोबर, शिल्लक काही नाही. लाट आली, तोल गेला, पुन्हा सावरायचे, या सगळ्याला शिल्लक लागते. नवशिक्याला ती पंचवीस ते पस्तीस लिटर तरी हवी. म्हणजे मला १०५ च्या आसपास. ह्यांचा हिशेब: ८६, पोशाख वगैरे ५, बोर्ड ८, फॉइल ५, बेरीज १०४. वर शिल्लक धरून १३०. इथले शिक्षक "आपले वजन अधिक तीस-चाळीस" असा जो ठोकताळा सांगतात तो कुठून येतो हे असे मांडले की कळते.

यावर मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न कोणता निघतो ते वाचकांनी ओळखलेच असेल. दोघांत एक घेतला तर नाही का चालणार? नवा बोर्ड दीड-दोन हजार डॉलरांच्या घरात जातो. फॉइल आणि पंख यांचा खर्च वेगळाच.

माझे उत्तर असे, की चालतो, पण एक हंगाम. आणि तो मोठ्या वजनाच्या माणसाच्या मापाचा घ्यायचा, हलक्याच्या नव्हे. जड माणूस लहान बोर्डावर शिकूच शकत नाही. हलका माणूस मोठ्या बोर्डावर शिकतो, थोडा कुरकुरतो इतकेच. आम्ही १३० लिटरचा, सहा फूट दोन इंच लांब आणि तीस इंच रुंद असा वापरलेला बोर्ड घेतला. माझ्या नावावर पन्नासावर लिटर शिल्लक, त्यामुळे पहिले दोन महिने मी त्यावर पाटावर बसावे तशी बसत होते. कुरकुर सुरू झाली ती किनाऱ्यावर. तीस इंचांचे ते धूड माझ्या काखेत मावेना. वारा भरला की बोर्ड मला गोल फिरवी, आणि हे तिकडून "धर, धर" म्हणत. उडायला लागल्यावर वळणे घेताना त्याची रुंद कड पाण्याला लागे. दुसऱ्या हंगामात मी ८० लिटरवर आले. हे त्याच मोठ्यावर राहिले.

या ८० लिटरची एक गंमत सांगते. आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे, वजन ४५ किलो. सगळे सामान धरून त्याची बेरीज साठच्या आत. म्हणजे माझा मधल्या पायरीचा बोर्ड त्याला पहिल्या पायरीचा म्हणून नेमका बसला. थोरल्याचा सदरा धाकट्याला व्हावा तसे. घरात वजनांची उतरंड असेल तर हा हिशेब आधी कागदावर करावा. दोन बोर्डांत तिघांचे भागते.

गेल्या वर्षी मात्र ह्यांच्या मनात एक काळाभोर, कार्बनचा, ८५ लिटरचा बोर्ड भरला. किनाऱ्यावरचा एक पंचविशीतला मुलगा तो वापरतो आणि फार देखणा उडतो. त्या मुलाचे वजन असेल पासष्ट. मी पाठकोऱ्या पाकिटावर पुन्हा बेरीज मांडली: १०४ वजा ८५, एकोणीस लिटर उधारी. हे म्हणाले, "अगं, सवय झाली की पाण्याखालूनच बोर्ड वर काढतात लोक." काढतात, खरे आहे. चांगला वारा पंखात भरला की तो माणसाचे वजन अंगावर घेतो आणि बुडालेला बोर्ड वर येतो. पण वारा असेल तर.

आमच्या खाडीचा वारा ठराविक वेळेचा नोकर आहे. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या मोठ्या खोऱ्यातली जमीन तापते, हवा वर जाते, आणि समुद्रावरची थंड हवा टेकड्यांच्या खिंडींतून आत ओढली जाते. सॅन ब्रूनोच्या खिंडीतून आलेला वारा विमानतळाशेजारच्या कोयोटी पॉइंटला दुपारी सुरू होतो आणि संध्याकाळी, कधी कधी न सांगता, उठून जातो. २०२३ च्या जुलैत आमचे एक स्नेही असेच अडकले. वजन ८८ आणि बोर्ड ८०. किनाऱ्यापासून मैलभर आत असताना वारा पडला. मोठा बोर्ड असता तर पंखातली हवा सोडून, तो गुंडाळून, बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवत माणूस हळूहळू परत येतो. यांच्या खाली बोर्ड राहीचना. बसले की बुडे, आडवे पडले की एका बाजूने कलंडे. ओहोटी त्यांना विमानतळाच्या बाजूला नेत होती, आणि वरून विमाने एकामागून एक उतरत होती. त्यांची पत्नी किनाऱ्यावर माझ्याजवळ उभी होती. ती काही बोलत नव्हती, फक्त मोटारीची किल्ली या हातातून त्या हातात करत होती. दीड तासाने एका बोटीने त्यांना आणले तेव्हा त्यांना बोटे मिटता येत नव्हती. त्यांनी खेळ सोडला. बोर्ड अजून गॅरेजात उभा आहे.

मी ह्यांना ही गोष्ट पुन्हा सांगितली नाही. त्यांनीही ती पाहिली होती. त्या पाकिटावर खाली ११० हा आकडा लिहून ठेवला, आणि दोन दिवसांनी तोच बोर्ड घरी आला. ८६ किलोच्या सवयीच्या माणसाला तो पुरतो: चार-सहा लिटर शिल्लक, उभे राहायला थोडी कसरत, पण पालथे पडून घरी येता येते.

लिटर ठरले म्हणजे सगळे ठरले असे नव्हे. तेच ११० लिटर आखूड-रुंद करता येतात किंवा लांब-अरुंद. स्वयंपाकघरातली परात पाण्यात ढकला आणि मग लाकडाची लांब पट्टी ढकला. पट्टी सरळ चिरत जाते, परात पाणी पुढे लोटत राहते. पहिली काही वर्षे बोर्ड आखूड आणि रुंद निघत. नंतर साडेपाच-सहा फूट लांब आणि वीस-बावीस इंच रुंद असे निघाले आणि पुष्कळांचे हाल कमी झाले. लांबामुळे वेग लवकर येतो, कमी वाऱ्यात उचलले जाते, हात दुखत नाहीत. पन्नाशीकडे झुकलेल्यांनी दुसरा बोर्ड असाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा ८० लिटरचा तसाच आहे. पण पहिला बोर्ड अरुंद घेऊ नये. कोकणात होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात. बोर्डाला उलांडी नसते. नवशिक्याला रुंदीच तिचे काम करते. अठ्ठावीस इंचांच्या खाली पहिल्या वर्षी जाऊ नये. खालच्या कडा तिरप्या तासलेल्या आहेत ना एवढे मात्र पाहावे. सरळ चौकोनी कड वळताना पाण्याला धरते आणि माणूस तोंडावर पडतो.

बांधणीविषयी दुकानात फार मोठे शब्द ऐकायला मिळतात. आत असतो तो बहुतेक वेळा थर्माकोल, २०१८ साली महाराष्ट्रात बंदी येईपर्यंत गणपतीच्या मखराला लागायचा त्याचाच भाऊबंद. त्यावर काचतंतूंचे किंवा कार्बनचे कापड राळेत भिजवून चढवलेले. कार्बन हलका आणि ताठ. पण पातळ कार्बनला गुडघ्याने खळगा पडतो, फॉइलचा कोपरा आपटला तर भोक. नवशिक्याच्या हातून दोन्ही होते. काचतंतूंचा थोडा जाड बोर्ड किलोभर जड असेल, तरी पहिल्या वर्षी तोच सोसतो. हवा भरायचे बोर्डही मिळतात. आतून हजारो दोऱ्यांनी दोन्ही पापुद्रे बांधलेले, मोटारीच्या टायरच्या निम्म्या दाबाने ताठ होतात. दोन खोल्यांच्या घरात कपाटावर राहतात, आपटले तर लागत नाही. पण दांडा बसतो तिथे ते किंचित लवतात, आणि सगळा जोर तिथेच येतो. पाऊण मीटरहून लांब दांडा म्हणजे मोठी तरफच की. घर लहान असेल, मुले लहान असतील, तर घ्यावा; वर्ष-दोन वर्षे छान जातील.

थर्माकोलच्या बोर्डाला हवा सोडायचा एक छोटा स्क्रू असतो. उन्हात बंद मोटारीत काळा बोर्ड तापला की आतली हवा फुगते आणि पापुद्रा सुटू शकतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सांभाळणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

फॉइल पुढे-मागे सरकवता यावे म्हणून बोर्डाच्या पोटाला दोन समांतर खाचा असतात. दांडा आधी मधोमध बसवावा. बोर्ड सारखा नाक वर करून उसळत असेल आणि पुढचा पाय दाबून दाबून दमत असेल तर दांडा बोटभर मागे घ्यावा. उचलतच नसेल तर पुढे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि लोक त्यापायी बोर्ड विकायला काढतात! आपल्याला ते पथ्यावरच पडते म्हणा.

कारण पहिला बोर्ड वापरलेलाच घ्यावा. बघायला जाताना घरचा वजनकाटा बरोबर न्यायचा. छापलेल्या वजनापेक्षा बोर्ड किलोभर भारी भरला तर थर्माकोलात पाणी शिरले आहे असे समजावे. ते सहज निघत नाही. पृष्ठभागावर अंगठा दाबत फिरवायचा. कुठे मऊ लागले, चकलीच्या पिठासारखे दबले, की नमस्कार करून निघायचे. खाचांभोवती केसासारखी भेग दिसली तरी तेच. वरवरचे ओरखडे आणि पुसट झालेला रंग यांना भिऊ नये, उलट त्यांच्या नावाने किंमत उतरवून घ्यावी.

आमचा १३० लिटरचा बोर्ड यंदा सनीव्हेलच्या एका जोडप्याने नेला. त्यांनी वजनकाटा आणला नव्हता. मी आमचाच काढून दिला, आधी बोर्ड ठेवला, मग दोघांना उभे केले. तो ७९, ती ५८. बाई लाजली नाही, नवऱ्याने मात्र खिशातला मोबाइल आणि पाकीट काढून बाजूला ठेवले.