उतरत्या पाण्यातली मरळ

भंडाऱ्याच्या तलावांची कीर्ती पावसाळ्यावर बेतलेली आहे. सांडवा वाहू लागला की पाळीवर गर्दी होते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. तलावाचं खरं बरंवाईट मात्र रोहिणी नक्षत्रात कळतं. तेव्हा पाणी आक्रसून पाळीच्या पायथ्याशी आलेलं असतं, पोटातली जमीन तडकलेली असते, आणि उरलेल्या डोहात कोण तगलं ते उघड्यावर येतं. या दिवसांत गरीला लागणारा मानाचा मासा म्हणजे मरळ. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या पाण्याचे धनी अनेकदा बदलले. प्रत्येक धन्याने भरल्या तलावाचा हिशेब मांडला. उन्हाळअखेरच्या पाण्याचा हिशेब मांडायचा राहिला, तो मरळीच्या निमित्ताने मांडून पाहू.

मरळीचं जगणंच या उतरत्या पाण्याला साजेसं आहे. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन ती हवा घेते. मे महिन्यात पाणी तापलं आणि त्यातला प्राणवायू कमी झाला की रोहू-कतला तोंड वासून वर येतात आणि माना टाकतात. मरळ तग धरते. पाणी आणखी आटलं तर ओल्या चिखलात शिरते, पहिल्या पावसात ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या डबक्यातही जाते. बाजारात ती घमेल्यात जिवंत विकली जाते आणि भाव खाते, तेही याच गुणामुळे.

हाच गुण तिला दगाही देतो. ती वर आली की पाण्यावर बुडबुडा फुटतो, आणि काठावरचा ढिवर, म्हणजे मासेमारीवर जगणारा माणूस, नेमका तेवढ्यासाठी टपलेला असतो. गरी लावण्याची रीत साधी दिसते. पाठीच्या कातडीतून अडकवलेला बेडूक जिवंत राहतो, पाय मारत राहतो. त्याला देवधानाच्या, म्हणजे पाण्यातल्या रानभाताच्या कडेला, पाण्याला जेमतेम टेकेल असा सोडायचा. मरळ आधी धडक देते, गिळते नंतर. धडक बसताक्षणी दोरी ओढली तर हाती चावलेला बेडूक येतो. थांबायचं किती, हे काठीवरच्या हाताला कळतं. हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात मरळीच्या गळाची दखल घेतली होती. अमेरिकेतले हौशी लोक उन्हाळा सरताना पाणवनस्पतींच्या कडेला बास माशासाठी रबरी बेडूक फिरवतात. आपल्याकडचे शौकीनही आता मरळीसाठी तोच बेडूक वापरतात. दोन्ही मासे दबा धरणारे आणि आडोशाला बसणारे. म्हणूनच आडोसा गेला की मासा जातो, हे सूत्र दोन्हीकडे सारखंच.

भंडाऱ्यात हा आडोसा माणसाने बांधलेल्या तळ्यांनी दिला. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या गोंड राजाने काशीहून परतताना कोहळ्यांच्या पूर्वजांना सोबत आणलं, अशी त्यांची आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात नोंदलेली आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी नवेगावबांध आणि शिवनीबांध डोळ्यांसमोर आहेतच. उताराचा अंदाज घेऊन दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची, जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात सोडायचं, तिथून बोडीत म्हणजे लहान तळ्यात, बोडीतून धानाच्या बांध्यांत. मासेही याच वाटेने फिरत. पहिल्या पुरात खालचे वर चढत, मरळ उथळ पाण्यातल्या गवतात घर करून अंडी घाली. पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर तरंगतो आणि आईबाप त्याखाली राखण करतात. त्या जोडीला गरी दाखवली तर अख्खं वेत बुडतं.

मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाचा होता, पाण्यावर मात्र गावाचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क होता. मासे धरणं आणि शिंगाडा लावणं ढिवरांकडे असे. त्या व्यवस्थेला रामराज्य म्हणायचं कारण नाही. ढिवराच्या वाट्याला कष्ट जास्त आणि मोल कमी येई. पण पाळ फुटली तर कोणाला हाक मारायची, हे गावाला माहीत असे, आणि पाणी कुठवर उपसायचं याची मर्यादा गावाच्याच गरजेतून ठरे.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. पुढे 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ ठरले. लोकांनी त्याचं ‘मामा तलाव’ केलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. जुन्या निस्तार हक्कांचं काय आणि पाणीपट्टी का भरायची, या वादात वर्षं गेली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे. पाणी एकच, दप्तरं तीन. पाळीवर झाडं वाढली, पोटात गाळ साचला आणि गाळपेर, म्हणजे आटलेल्या तळाच्या गाळावरची पेरणी, हळूहळू कायमच्या शेतीत बदलली.

मालगुजारी संपली त्याच दशकात देशाच्या मत्स्यशेतीला कलाटणी मिळाली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. कतला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. आता त्यांचं बीज केंद्रात तयार होऊ लागलं, जिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, गावोगाव पोहोचू लागली. ढिवरांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळत होते. ठेक्याचे पैसे भरायचे तर वजनाला भरणारा मासा हवाच होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कार्पने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

किंमत दुसरीकडे चुकवावी लागली. गवत्या मासा 1959 मध्ये भारतात आला. त्याचं खाणंच पाणवनस्पती. म्हणजे मरळीचं बाळंतघर. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. बोटुकली सोडायची तर ती खाणारी मरळ शत्रू ठरते, म्हणून बीज टाकण्याआधी तळं साफ करण्याची शिकवण आली. त्यात मरळीबरोबर दाडक, बोटरी, शिंगूर असे गावरान मासेही गेले. त्यांना कोणी विकत आणून सोडलं नव्हतं, त्यामुळे ते गेले तेव्हा कुठल्याच वहीत तोटा दिसला नाही. शिवाय ठेका संपत आला की पुढच्या वर्षी तळं कोणाला जाईल याचा भरवसा नसे. मग शेवटच्या डोहात काही शिल्लक ठेवण्याचा शहाणपणा कोण करणार? उन्हाळी धान वाढलं तसा हा डोहही लवकर आटू लागला. काठावर लावलेली बेशरमची झुडपं पोटात उतरली आणि जिथे देवधान, कमळ असायचं तिथे त्यांची रानं झाली.

या बदलांची नोंद सरकारी अहवालांपेक्षा ढिवरांच्या बोलण्यात जास्त सापडते. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी असताना, म्हणजे हा परिसर भंडारा जिल्ह्यातच होता तेव्हा, त्यांनी रानातल्या आणि पाण्यातल्या माणसांकडून शब्द आणि माहिती गोळा केली. पुढे त्यांनी मत्स्यकोशही केला. 1999 मध्ये जिल्हा विभागला आणि नवेगावबांध गोंदियात गेलं.

मोठं पाणी मात्र भंडाऱ्यात त्याआधीपासूनच नव्याने उभं राहत होतं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, 33 दरवाजे. गावं उठली. नदीच्या डोहांत पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्यांसमोर अचानक समुद्रासारखं पाणी आलं. त्याला वेगळी नाव लागते, वेगळं जाळं लागतं, आणि भांडवलही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं. धरणाने ते अडवून धरलं. उन्हाळ्यात पाणी घटलं की घाण दाट होते आणि जलपर्णी माजते. मरळ तिथेही मिळते. पण वरची हवा घेणारा मासा मिळाला म्हणून पाणी चांगलं, असं कोणी समजू नये.

गेल्या काही वर्षांतलं सर्वांत आशादायक काम उन्हाळ्यातलंच आहे. गोंदियातल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेने ढिवरांच्या जुन्या माहितीला प्रमाण मानून तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. तळं उघडं पडलं की बेशरम मुळासकट उपटायची आणि पाणी आलं की हायड्रिलासारख्या वनस्पती लावायच्या. चिखलात उतरून हे काम करण्यात ढिवर बाया पुढे आहेत. वनस्पती धरल्या की गावरान मासे परतू लागतात, पाणपक्षीही येतात. त्याच महिन्यांत दुसरीकडे पोकलेनही तलावात उतरतो. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. गाळ काढायलाच हवा, यात वाद नाही. पण सरसकट तळ खरवडला की त्या चिखलात दडलेली मरळ आणि वनस्पतींची मुळं ट्रॉलीत भरून शेतात जातात.

वैनगंगेचं पाणी पुढे प्राणहिता होऊन तेलंगणाकडे जातं. तिथे मरळ हा राज्यमासा आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये हा मान समुद्रातल्या पापलेटला दिला. भंडाऱ्याला त्या मानाची असूया वाटायचं कारण नाही. त्याला हवे ते तीन साधे नियम: ठेक्याच्या करारातच उन्हाळअखेरचा एक डोह न उपसण्याची अट, गाळ काढताना तळाचा एक भाग राखून ठेवणं, आणि पिल्लं राखणाऱ्या जोडीला पावसाळ्यात हात न लावणं. यातला शेवटचा नियम गावं स्वतः पाळू शकतात. पहिले दोन कागदावर यायला हवेत, आणि ते येण्यासाठी तीन दप्तरांना एकदा तरी रोहिणी नक्षत्रात एकत्र पाळीवर उभं राहावं लागेल.