गळ्याविना गाणारी गिटार

शब्दांशिवाय गाणं ऐकण्याची मराठी कानाला जुनी सवय आहे. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकताना सूर त्यांचे असत आणि भावगीताचे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटत. हेवी मेटलचा गिटारवादक गायकाला बाजूला ठेवून अख्खा अल्बम करतो, तेव्हा त्याला हा आधार नसतो. चाल कोरी असते, पाठ असलेला शब्द नसतो. त्यात निर्माताही तोच असला, तर खर्च, निर्णय आणि चुका सगळं त्याच्याच अंगावर येतं. तरीही असे काही अल्बम चाळीस वर्षं ऐकले जात आहेत. ते कशाच्या बळावर टिकले, हे समजून घेण्यासारखं आहे.

हे संगीत कारखान्यांच्या वस्तीतून आलं. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 मध्ये, सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चढवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून सूरही उतरवला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला आणि हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जण तिथूनच मोजतात. कामठी ओलांडून नदीचा पूल पार केला की लागणारं आपलं कन्हान कोळशाच्या खाणी, मालगाड्या आणि पाळ्यांची ड्युटी ओळखतं. त्याला ही जन्मकथा परकी वाटू नये.

या गिटारचा आवाज फाटल्यासारखा का येतो, याचं उत्तर सोपं आहे. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त संदेश दिला की ध्वनिलहरींचे उंच माथे छाटले जातात. त्यामुळे मूळ सुरात नवे उपस्वर मिसळतात आणि विरत चाललेला सूरही बराच वेळ भरलेला राहतो. एरवी छेडताच विझू लागणारी तार मग गळ्यासारखा किंवा गजासारखा लांब सूर धरू शकते. तार ओढून घेतलेली मींडही म्हणूनच पूर्ण ऐकू येते. मात्र या आवाजात षड्ज आणि गांधार एकत्र छेडले की गढूळ होतात. षड्ज-पंचमाची जोडी स्वच्छ राहते, कारण त्यांच्या संयोगातून निघणारा जादा सूर खालचा षड्जच असतो. मेटलच्या बहुतेक रचना या जोडीवर उभ्या आहेत. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला तो पाया नवा नाही.

सुरुवातीला शब्दांविना रचना अल्बममध्ये एखाददुसरीच असे. ‘आयर्न मेडन’ची ‘ट्रान्सिल्वेनिया’ 1980 ची, ‘मेटालिका’ची ‘ओरायन’ 1986 ची. अख्खा अल्बम गिटारच्या भरवशावर काढण्याची वाट रुंद केली ती जो सॅट्रियानीने. तो रॉकचा माणूस, पण ‘मेटालिका’चा कर्क हॅमेट त्याचाच शिष्य. 1984 मध्ये त्याने स्वतःच्या लेबलवर छोटी ध्वनिमुद्रिका काढली. ‘नॉट ऑफ धिस अर्थ’चा खर्च त्याने क्रेडिट कार्डावर उचलला आणि 1986 मध्ये तो अल्बम बाहेर आला. पुढच्याच वर्षीचा ‘सर्फिंग विथ द एलियन’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत गेला. गायक नसलेल्या अल्बमसाठी ही मोठीच मजल होती.

आपल्याकडे मुंबईच्या साहिल मखिजाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड 2000 साली उभा केला आणि पुढे ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ हे लेबलही चालवलं. कंपन्या दार उघडत नसतील, तर मेटलवाल्यांनी आपलं दार आपणच बांधावं, हा त्यामागचा धडा. 2010 मध्ये या बँडला ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या केशव धरचा ‘स्कायहार्बर’ घरच्या ध्वनिमुद्रणातून सुरू झाला. 2012 च्या पहिल्या अल्बमपर्यंत मात्र त्यात गळा आला होता. शेवटपर्यंत गळ्याविना राहण्याचा निश्चय मुंबईच्या वॉरन मेंडोन्साने पाळला. ‘झीरो’ या बँडचा हा गिटारवादक ब्लूज-रॉकचा, मेटलचा नव्हे. पण ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने त्याने 2007, 2009, 2012 आणि 2017 मध्ये काढलेले अल्बम या वाटेवरचे सर्वांत ठळक भारतीय दाखले आहेत. तो धावत नाही. एक सूर घेतो, त्याला वळवतो, थांबतो. ऐकणारा त्या थांबण्यात गुंततो.

आज हे काम कन्हानमधल्या एका खोलीत होऊ शकतं. गिटारची वायर छोट्या इंटरफेसमधून थेट संगणकात जाते आणि अ‍ॅम्प्लिफायरचं काम सॉफ्टवेअर करतं. मध्ये माइक नसल्यामुळे शेजारून मालगाडी गेली तरी टेक बिघडत नाही आणि रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्याला त्रासही होत नाही. ड्रम एकेक ठोका मांडून रचता येतात. साथीची गिटार दोनदा स्वतंत्र वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला ठेवतात. दोन्हींतल्या बारीक फरकांमुळे आवाज रुंद होतो. एकाच टेकची नक्कल करून ती रुंदी येत नाही, हात दोनदा चालवावाच लागतो.

खरी उणीव असते ती दुसऱ्या कानाची. स्टुडिओत कोणीतरी ‘हे लांबलं’ असं तोंडावर सांगतो. एकट्याच्या खोलीत ते कोणी सांगत नाही आणि वादक वेगाकडे ओढला जातो, कारण वेग मेट्रोनोमवर मोजता येतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत वेगवान गिटारवादकांची लाट आली. त्यांतले बरेच अल्बम आज फक्त वादकच ऐकतात. सॅट्रियानीचे सामान्य श्रोत्यांपर्यंत पोचले, कारण त्याची गिटार गाते. आपल्या वाद्यसंगीतात यालाच गायकी अंग म्हणतात. विलायत खाँसाहेबांची सतार आणि जोगांचं व्हायोलिन यांची हीच शिकवण आहे, आणि विजेच्या गिटारलाही ती तितकीच लागू पडते.

म्हणून असा अल्बम करू पाहणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. रेकॉर्डिंगच्या आधी गिटार खाली ठेवून चाल तोंडाने म्हणून पाहा. ती म्हणता आली नाही, तर ती अजून बोटांतच अडकलेली आहे. मग कच्चं रेकॉर्डिंग मेटल कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. भजनी मंडळातला तबलजी चालेल, शाळेतले संगीताचे सर चालतील. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातली एक ओळ गुणगुणता आली, तर अल्बम प्रसिद्ध करायला घ्या. आणि गणेशोत्सवाच्या मंचावर ऑर्केस्ट्राला तीन तास देणाऱ्या मंडळांनी त्यातली वीस मिनिटं या मुलांना द्यावीत. त्यांना हवा असलेला दुसरा कान तिथे, समोरच्या खुर्च्यांवर बसलेला असतो.