तमाशाचा पैसा आणि बाबासाहेबांचा नकार

कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावचं नाव 2024 साली दूरवर पोहोचलं. मूळच्या या गावच्या इतिहासकार शैलजा पाईक यांना त्या वर्षी अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, रक्कम आठ लाख डॉलर. सिनसिनाटी विद्यापीठात शिकवणाऱ्या पाईक यांचं 2022 सालचं पुस्तक तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. त्या पुस्तकात पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई हिवरगावकर भेटतात. या जोडीशी एक नाकारलेली देणगीही जोडलेली आहे. तिची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून फडात उतरलेला हा शाहीर. पवळाबाई कोपरगावच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या, महार समाजातल्या. तिला पाहायला मुंबईची थिएटरं भरत. 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न त्यासाठी देऊ केलं. चळवळीला पैशाची चणचण होती. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पैसे घेतले नाहीत.

यावरून पहिला समज असा झाला, की बाबासाहेबांना तमाशाचं वावडं होतं. पांढरपेशा माणसाचा सोवळेपणा, दुसरं काय! पण त्यांचा आक्षेप ढोलकीला नव्हता. अस्पृश्य समाजाच्या बायका नाचवून मिळवलेल्या पैशावर त्याच समाजाच्या माणुसकीची लढाई लढायची, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे भीमराव कर्डक आणि इतर शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव गाजले. त्यांचा बाज तमाशाच्याच मातीतला होता, आणि त्या जलशांना बाबासाहेबांचा पाठिंबा होता. फरक एवढाच, की जलशात बाई नाचत नव्हती.

दुसरा समज याच्या अगदी उलटा आहे आणि तो आंबेडकरांच्या चाहत्यांमध्ये आढळतो. बाबासाहेबांनी फक्त नाचवणाऱ्याला झिडकारलं, नाचणारीला काही म्हटलं नाही, असं ते सांगतात. हेही पुरतं खरं नाही. 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केलं आणि हे जिणं सोडा, असं त्यांना स्पष्ट बजावलं. समाजाबरोबर सन्मानाने यायचं असेल तर हा व्यवसाय सोडावाच लागेल, ही त्यांची अट होती. ज्यांचं पोट त्याच फडावर होतं त्यांच्यासाठी ही अट किती जड होती, या प्रश्नाशी पाईक यांचं पुस्तक झुंजतं. त्याचं मोल बरंचसं तिथेच आहे. गोष्ट सांगताना मात्र देणारे बापूराव आणि नाकारणारे बाबासाहेब एवढीच दोन माणसं उरतात. जिच्या नावावर तिकिटं खपत, त्या पवळेचा त्या पैशावर हक्क किती, हे कुणी विचारत नाही.

असा पैसा घ्यावा की नाही, हा प्रश्न आजही संस्थांपुढे येतो. आता कायद्याकडे. ‘असल्या धंद्याचा पैसा घेणं बेकायदा असतं’ असं विश्वस्त मंडळाच्या बैठकीत कुणीतरी ठासून सांगतो आणि विषय तिथेच संपतो. कायदा तसं म्हणत नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचा रोख गुन्ह्यातून आलेल्या पैशावर आहे, लोकांनी नाक मुरडलेल्या कमाईवर नाही. तमाशा, संगीत बारी, परवाना असलेलं दारूचं दुकान, लॉटरीचा स्टॉल यांतलं काहीही गुन्हा नाही. देहविक्रयाच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. 1956 चा कायदा कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं याला शिक्षा सांगतो. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करणं हा त्यात गुन्हा नाही, आणि अशा स्त्रियांना पोलिसांनी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात म्हटलं आहे.

मग संस्थेला देणगी घ्यावीच लागते का? तसंही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 122 व्या कलमानुसार घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय दान पूर्णच होत नाही. थोडक्यात, कायद्याने दाराला कडी लावलेली नाही आणि दार उघडण्याची सक्तीही केलेली नाही. निर्णय संस्थेचा आहे. म्हणून त्याचं कारण कायद्यावर ढकलता येत नाही.

‘अशा बायका कसल्या देणग्या देतात, त्यांनाच मदत लागते’ हा समज खोडायला कोपरगावच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. 2015 च्या डिसेंबरात चेन्नईत पूर आला, तेव्हा नगर जिल्ह्यातल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी दिवसातलं एक जेवण टाळून लाखभर रुपये जमवले. 2018 साली केरळ पाण्याखाली गेलं तेव्हा त्यांनी पुन्हा 21 हजार रुपये पंतप्रधान मदतनिधीसाठी दिले. या कामात त्यांच्याबरोबर होती 1989 पासून नगरला काम करणारी ‘स्नेहालय’ ही संस्था. पुरात घर गेलेल्या कुणीही ‘हा तांदूळ कुणाच्या पैशाचा’ असं विचारलं असेल असं वाटत नाही.

या आणि बापूरावांच्या पैशांत फरक काय, हे नीट पाहायला हवं. वरवर दोन्ही ‘तसलेच’ पैसे. पण बापूराव फडाचे मालक होते आणि देणगी देताना नाव त्यांचं होणार होतं. नगरच्या बायकांनी स्वतःच्या ताटातलं काढून दिलं. एक पैसा दुसऱ्याच्या अंगमेहनतीवर उभा होता, दुसरा देणारीच्या. नाकारणाऱ्या संस्था ही रेघ क्वचितच ओढतात. त्यांना दोन्हीकडे फक्त धंद्याचं नाव दिसतं.

हे सारं आपल्याकडच्या विटाळ-सोवळ्यातून आलं, असंही अनेकांना वाटतं. काही अंशी ते खरं आहे, पण दाता तपासण्याची खोड जगभर आहे. 1905 साली जॉन रॉकफेलरने अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेला एक लाख डॉलर दिले. अहमदनगरला 1831 पासून शाळा चालवणारं अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचं. हा तेलाच्या मक्तेदारीचा कलंकित पैसा आहे, परत करा, अशी हाकाटी वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने केली. रॉकफेलरने आपणहून पैसे पाठवले असं बोर्डाने आधी भासवलं. मग उघड झालं, की बोर्डानेच त्याच्याकडे मागणी केली होती! पैसे राहिले ते राहिलेच.

फ्लोरिडातला दाखला वेगळा. तिथे 2002 च्या सुमारास लॉटरी लागलेल्या एका माणसाने साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या स्थानिक शाखेला एक लाख डॉलरचा धनादेश दिला आणि शाखेने तो परत केला. जुगारात घर बुडालेली माणसं आमच्याच दारात येतात, त्यांना आम्ही काय सांगणार, असं तिथल्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. कुणाला हे अति वाटेल, पण कारण समजतं. तंबाखू कंपनीचा पैसा कर्करोग रुग्णालयाने नाकारणं याच जातीचं आहे. उलट 2012 साली पॉर्नहब या प्रौढ संकेतस्थळाने स्तनाच्या कर्करोगासाठी निधी जाहीर केला, तेव्हा सुझन कोमेन फाउंडेशनने आपला त्याच्याशी काही संबंध नाही, पैसेही घेणार नाही, असं कळवलं. त्या पैशाने एकाही रुग्णाचं नुकसान होणार नव्हतं. धोका संस्थेच्या नावाला होता.

आपल्याकडे हा नावाचाच मामला आणखी स्पष्ट दिसतो. कोपरगाव स्टेशनवर उतरून शिर्डीला जाणारे लाखो भाविक दानपेटीत पैसे टाकतात, धंदा कुणी विचारत नाही. निनावी देणग्यांवर इतर संस्थांना ठरावीक मर्यादेपलीकडे 30 टक्के कर लागतो, धार्मिक संस्थांना मात्र आयकर कायद्याने सूट दिली आहे. त्यामुळे पेटीतली नोट कुठून आली याची चौकशी करायचं कारणच उरत नाही. अडचण सुरू होते ती दात्याने नाव सांगून पावती मागितली, सभामंडपात संगमरवरी पाटी लावा म्हटलं, की. पैसा पेटीत शुद्ध आणि पाटीवर अशुद्ध, हा न्याय कुठल्या शास्त्रातला?

कोपरगावच्या ऊसपट्ट्यात तर याची गंमतच दिसते. मळीपासून मद्यार्क काढणारी डिस्टिलरी हा कारखान्याचा प्रतिष्ठित विभाग. गावची जत्रा आली की घरटी लोकवर्गणी जमते, त्यातून तमाशाची सुपारी दिली जाते, आणि पंच मंडळी पुढच्या रांगेत बसतात. गावाचा पैसा तमाशाकडे बिनबोभाट जातो. तोच पैसा तमाशातल्या बाईकडून शाळेच्या खोलीसाठी परत आला, तर मात्र ठराव लागतो.

देणगी नाकारण्याचा हक्क संस्थेला आहे आणि काही वेळा तो बजावायलाच हवा. बाबासाहेबांचा नकार पटो न पटो, त्याचं कारण होतं आणि ते ज्यांच्यासाठी लढा चालला होता त्यांच्याशी बांधलेलं होतं. ‘लोक काय म्हणतील’ हे तसं कारण नाही. विश्वस्तांनी नकार द्यायचाच असेल, तर त्या पैशाने आपल्या लाभार्थ्यांचं नेमकं काय बिघडतं, ते इतिवृत्तात लिहावं आणि दात्याला लेखी कळवावं. लिहिण्यासारखं काही सुचलं नाही, तर पावती फाडावी. देणगीदारांची माहिती आयकर खात्याला कळवण्याच्या 10 बीडी या विवरणपत्रात नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती कशी मिळाली असे तपशील विचारलेले असतात. धंद्याचा रकाना त्यात नाही.