एक देश, दोन डिझेल

गेली चाळीस वर्षे आम्ही बेळगावच्या पेठेत घाऊक धान्याचा व्यवहार करीत आहो. या काळात ज्वारी, गहू, तूर यांच्या भावावर पावसाचा परिणाम झालेला आम्ही पाहिला, तसाच लॉरीच्या भाड्याचाही पाहिला. आणि लॉरीचे भाडे बव्हंशी डिझेलवर ठरते. म्हणून डिझेलसंबंधी नवा नियम येणार अशी वार्ता उठली की पेठेत दोन प्रश्न हटकून विचारले जातात : भाडे वाढणार काय, आणि डिझेल वेळेवर मिळणार काय? या प्रश्नांचा विचार करिताना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव आम्हांस फार बोधप्रद वाटला. तेथे डिझेलच्या शुद्धतेचा मध्यवर्ती सरकारचा नियम एक व राज्याचा नियम दुसरा, अशी स्थिती १९९३ सालापासून आहे. तो वृत्तांत आमच्या व्यापारी बंधूंपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

अमेरिकेच्या वायुशुद्धीच्या कायद्यानुसार इंधनाचे नियम सामान्यतः मध्यवर्ती सरकारने करावयाचे असतात. अन्य राज्यास वेगळा नियम हवा असल्यास त्याची आवश्यकता सिद्ध करून मध्यवर्ती मान्यता घ्यावी लागते. कॅलिफोर्नियास मात्र ही अट नाही. लॉस एंजेलिसच्या तिन्ही बाजूंस डोंगर असल्याने धूर तेथेच कोंडून राहतो, आणि या राज्याने धुराविरुद्ध नियम मध्यवर्ती सरकारच्याही आधी केले होते. म्हणून त्यास ही मोकळीक मिळाली.

१ ऑक्टोबर १९९३ रोजी दोन्ही नियम एकाच दिवशी अमलात आले. मध्यवर्ती नियम असा, की हमरस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५०० भागांहून अधिक नसावे. कॅलिफोर्नियाने गंधकाची मर्यादा तीच ठेविली, परंतु ट्रॅक्टर व बांधकामाची यंत्रे यांच्या डिझेलासही ती लागू केली. शिवाय काजळी व विषारी वायू वाढविणाऱ्या ॲरोमॅटिक द्रव्यांवर शेकडा १० अशी मर्यादा घातली. लहान कारखान्यांस ती शेकडा २० होती. इंजिनावर चाचणी घेऊन तितकीच स्वच्छता सिद्ध केल्यास वेगळ्या मिश्रणासही परवानगी होती.

राज्याने हा नियम १९८८ सालीच मंजूर केला होता. म्हणजे तयारीस जवळजवळ पाच वर्षे मिळाली होती. तरीही त्या शरद ऋतूत कित्येक ठिकाणी डिझेलची टंचाई भासली, भाव चढले, आणि लॉरीवाल्यांत मोठा असंतोष माजला. त्यातच जुन्या इंजिनांच्या पंपांतून इंधन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. जुन्या डिझेलमधील ॲरोमॅटिक द्रव्यांनी फुगलेली रबरी सील नव्या डिझेलमध्ये आकसली, हे त्याचे एक कारण. सील बदलताच गळती थांबे. परंतु खर्च गाडीमालकाच्या माथी पडे.

टंचाई का पडली, हे आम्हां धान्यवाल्यांस समजावयास कठीण नाही. आपल्या गोदामात एकाच प्रतीचा गहू असेल, तर इंदूरची गाडी उशिरा आली तरी ग्वाल्हेरच्या मालावर गिऱ्हाइकाची गरज भागते. परंतु एखाद्या पेठेने ठरविले की आम्ही अमुक एका चाळणीतून काढलेलाच गहू घेऊ, तर शेजारच्या गावी हजार पोती पडून असली तरी त्या पेठेच्या उपयोगाची नाहीत. कॅलिफोर्नियाचे नेमके असेच झाले. शेजारच्या राज्यांतील डिझेल मध्यवर्ती नियमाने उत्तम असूनही कॅलिफोर्नियात विकता येईना. राज्याचे स्थानही एकाकी आहे. तेथून नेवाडा व ॲरिझोना या राज्यांकडे तेलाच्या नळवाहिन्या जातात. परंतु देशाच्या अन्य भागांतील मोठ्या कारखान्यांकडून तेथे तयार माल आणणाऱ्या नळवाहिन्या नाहीत. मेक्सिकोच्या आखातावरून माल आणावयाचा तर पनामा कालव्याच्या मार्गाने जहाजास कित्येक दिवस लागतात. अशा ठिकाणी एक कारखाना बंद पडला तरी बाजार हलतो.

पुढे गंधकाची मर्यादा ५०० वरून १५ भागांवर आणण्याचे ठरले. २००७ सालापासूनच्या नव्या लॉऱ्यांत काजळी अडविणारे गाळक बसवावयाचे होते, आणि गंधकाने ती यंत्रणा बिघडते. मध्यवर्ती सरकारने हा निर्णय २००१ च्या आरंभी जाहीर करून २००६ च्या जूनपर्यंत मुदत दिली, आणि कारखान्यांस २०१० पर्यंत शेकडा २० माल जुन्या प्रतीचा काढण्याची सवलत ठेविली. कॅलिफोर्नियाने तीच तारीख धरली, पण ती सवलत दिली नाही. या वेळी मोठी धास्ती वाहतुकीची होती. एकाच नळवाहिनीतून निरनिराळे तेल पाठोपाठ जाते. आधीच्या तेलातील थोडे गंधक मिसळले तरी १५ ची मर्यादा ओलांडली जाई. मिरची दळलेल्या जात्यावर लगेच गहू दळावा, तशातला हा प्रकार. तरीही तयारी वेळेवर झाल्याने आणि दोन्ही सरकारांची गंधकाची मर्यादा जुळल्याने हे संक्रमण १९९३ पेक्षा पुष्कळ सुरळीत पार पडले.

आणखी एक धडा २००५ सालचा. त्या वर्षी टेक्सासच्या पूर्वेकडील ११० परगण्यांतही राज्याचा वेगळा डिझेल-नियम लागू व्हावयाचा होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने आखातावरील कारखाने बंद पाडले. तेव्हा मध्यवर्ती सरकारने काही काळ इंधनाचे नियम शिथिल करून उपलब्ध माल विकू दिला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने अशा तात्पुरत्या सवलतीची स्पष्ट तरतूद केली, आणि राज्याराज्यांच्या वेगळ्या इंधनांची संख्या वाढू नये असाही निर्बंध घातला.

आपल्याकडेही असा काळ होऊन गेला आहे. २०१० साली मुंबई, पुणे, सोलापूर, हैदराबाद इत्यादी १३ शहरांस ५० भाग गंधकाचे डिझेल मिळू लागले. उर्वरित देशास ३५० भागांचे. आमच्या लॉऱ्या बेळगावी एक डिझेल भरीत व सोलापुरी दुसरे. शहराची हवा स्वच्छ व्हावी म्हणून केलेली योजना बाहेरून भरून आलेल्या गाड्यांमुळे अपुरी पडे. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशभर १० भागांचे एकच डिझेल आहे, हे योग्यच झाले.

स्वच्छ डिझेलच्या नियमास व्यापाऱ्यांनी विरोध करावा, असे आमचे मत नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. तो धूर दिवसभर घेतो कोण? आपल्या गोदामाच्या दारी चालू लॉरीच्या मागे पाठीवर पोते घेऊन उभा असलेला हमाल. एका वृद्ध हमालाचा खोकला आम्ही कित्येक वर्षे ऐकला आणि तो विडीचा असे समजून स्वस्थ बसलो. आज ती खात्री आम्हांस वाटत नाही.

यास्तव व्यापारी संघांनी सरकारपाशी तीन गोष्टी मागाव्यात : नियम शक्यतो सर्वत्र एक असावा, तयारीस पुरेशी मुदत असावी, आणि आपत्काली ठराविक दिवसांची सवलत देण्याची सोय आधीच लिहिलेली असावी. आपल्याकडून आपण इतके करावे, की नुसत्या वार्तेवरून पिंपे भरून ठेवू नयेत, मोसम सुरू होण्यापूर्वी लॉऱ्यांची सील व पंप तपासून घ्यावेत, आणि माल उतरेपर्यंत लॉरीचे इंजिन बंद ठेवण्याची शिस्त लावावी. या शेवटच्या गोष्टीस कोणत्याही सरकारच्या नियमाची वाट पाहावी लागत नाही.