कनातीतला खेळ, हातातला खेळ

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात ‘आज खेळ कुठे आहे?’ असे कुणी विचारले, तर प्रश्न तमाशाचा असतो. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, पुणे-नगर-नाशिककडच्या गावांतून यात्रा कमिटीची माणसे येतात, सुपाऱ्या ठरतात आणि मग जत्रांचा हंगाम संपेपर्यंत फडांचे ट्रक धावत राहतात. त्याच महामार्गाने आंबेगावातले मंचर मागे टाकून, खेड-चाकणवरून पुण्यात उतरले की ‘खेळ’ या शब्दावर पोट भरणारी दुसरी जमात भेटते, मोबाइल गेम करणाऱ्यांची. सुपरगेमिंग हा त्यांतला एक स्टुडिओ. त्याच्याविषयी लिहिताना ‘स्टार्टअप’ची भाषा आपसूक जिभेवर येते. ती दिशाभूल करते असे मला वाटते. स्वतंत्र गेम स्टुडिओची चाल सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा तमाशाच्या फडाशी अधिक जुळते, आणि त्याचा ताळेबंद मांडला तर फडमालकाला तो कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

सुपरगेमिंगचे सहसंस्थापक रॉबी जॉन आणि त्यांचे सहकारी आधी टॅपटूलर्न या नावाने मुलांना गणित शिकवणारे गेम करत. मग ‘मास्कगन’ हा पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा गेम आला आणि 2019मध्ये सुपरगेमिंग उभी राहिली. मास्कगनने सहा कोटींहून अधिक डाउनलोडचा टप्पा गाठला. हा आकडा मोठाच आहे, पण त्याने स्टुडिओ चालत नाही. डाउनलोड म्हणजे कनातीच्या दारापर्यंत आलेला माणूस. तो आत बसला का, उद्या परत आला का, हा खरा प्रश्न. अनेकांनी एकत्र खेळायचा गेम एकदा करून सोडून देता येत नाही. सर्व्हर रोज जागा ठेवावा लागतो, तुल्यबळ भिडू क्षणात जुळवावे लागतात, लबाडी करणारे हुडकून बाहेर काढावे लागतात आणि थोड्या थोड्या दिवसांनी नवे मैदान, नवी बंदूक, नवा पोशाख द्यावा लागतो. गण-गवळण तीच, पण बतावणी दर हंगामात ताजी हवी, तसेच हे. या कामासाठी स्टुडिओने स्वतःची यंत्रणा बांधली आणि बांदाई नामको या जपानी कंपनीचा ‘पॅकमॅन’ही मोबाइलवर याच यंत्रणेच्या आधाराने चालवला. वग दुसऱ्याचा, कनात, दिवे आणि जनरेटर आपला.

पैशाच्या वाटा तर आणखी ओळखीच्या आहेत. फडाला पैसा तीन प्रकारे येतो: तंबूच्या दारावरचे तिकीट, गावाने वर्गणीतून दिलेली सुपारी आणि लावणी रंगली की प्रेक्षकांतून होणारी दौलतजादा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा 2020 सालचा गेम तिकिटाचा. एकदा विकत घ्यावा, खेळावा, संपवावा. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पुढे तो नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेममध्ये गेला. ती सुपारी, कारण खेळणाऱ्याला वेगळे काही मोजावे लागत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने मोजलेले असतात. मास्कगन मात्र दौलतजादावर जगणारा. प्रवेश फुकट, बहुतेक जण एक रुपयाही न देता खेळतात, आणि हौशी थोडे जण पोशाख-हत्यारांवर जो खर्च करतात त्यात सगळ्यांचा खेळ निघतो. 2016मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, त्यामुळे आपल्याकडे गर्दी अफाट जमली. पण गर्दी जमली म्हणून दौलतजादा होतेच असे नाही, हे नारायणगावात कुणीही सांगेल.

यावर पहिला आक्षेप भांडवलाचा. सुपरगेमिंगने 2021मध्ये 55 लाख डॉलरची गुंतवणूक घेतली. मग तिला स्वतंत्र कसे म्हणायचे? पण फडमालक तरी कुठे कर्जमुक्त असतो? हंगामाआधी कलाकारांना उचल द्यायची, ती सावकाराकडून आणायची आणि जत्रांवर फेडायची, हीच तर रीत. फड स्वतंत्र असतो तो कोणता वग लावायचा हे ठरवण्यापुरता, आणि स्टुडिओचेही स्वातंत्र्य तेवढेच. फरक एक, आणि तो लहान नाही: सावकाराला व्याज हवे असते, गुंतवणूकदाराला फड दसपट वाढलेला हवा असतो. सुपरगेमिंगच्या ‘इंडस’ या नव्या नेमबाजीच्या गेमची महत्त्वाकांक्षा त्यातूनच समजते. 2 सप्टेंबर 2020 रोजी त्याच प्रकारच्या पबजी मोबाइल या गेमवर बंदी आली, फेब्रुवारी 2022मध्ये फ्री फायरवर. मैदान मोकळे दिसत होते. 2022मध्ये इंडसची घोषणा झाली, कोटीहून जास्त लोकांनी आगाऊ नाव नोंदवले. पण गेम सर्वांसाठी खुला झाला 16 ऑक्टोबर 2024 रोजी, आणि तोवर पबजीचा भारतीय अवतार 2023च्या मे महिन्यात परतून राहुटी लावून बसला होता. जत्रेला उशिरा पोहोचणे फडाला परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: दौलतजादा हे भुलवून पैसे काढणेच नव्हे काय? ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम त्यातून वेगळे ठेवले. ही रेघ मला योग्य वाटते. पोशाख विकत घेणारा जिंकून पैसे परत मिळवण्याच्या आशेने देत नाही. तरीही दहावीतल्या पोराच्या हाती बापाचा फोन असतो तेव्हा ती रेघ पुसट होते, आणि ‘आम्ही जुगार चालवत नाही’ एवढ्या उत्तरावर स्टुडिओची सुटका होऊ नये.

माझी तुलना जिथे तुटते ती जागा वेगळीच आहे. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 2002मध्ये गेल्या. मुलगी मंगला बनसोडे यांनी आपला फड आधीच उभा केला होता, लावणी पुढे गेली. फड मोडला तर सोंगाड्या दुसऱ्या फडात जातो आणि वग त्याच्या तोंडात असतो. गेमचा सर्व्हर बंद झाला की खेळणाऱ्याने वर्षभर जमवलेले पोशाख, नाव, क्रमांक सगळे सर्व्हरबरोबर जाते. फोनवर चिन्ह तेवढे राहते, आणि त्यावर बोट ठेवले की जोडणी होत नसल्याची एक ओळ येते.