चाचणीचे गुण आणि खोडलेल्या खुणा

चाचणीतील गुण हे विद्यार्थ्याच्या ज्ञानाचे माप होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मात्र याच गुणांवर शिक्षकाची नोकरी व शाळेचे अस्तित्व अवलंबून राहू लागले, म्हणजे ते माप विश्वसनीय राहते काय? अमेरिकेतील अटलांटा शहरातील पार्क्स मिडल स्कूल या सरकारी शाळेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील आठवीचे २४ टक्के विद्यार्थी २००५ साली गणितात उत्तीर्ण झाले होते. २००६ साली हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. अध्यापनाने एका वर्षात एवढे परिवर्तन घडावे, हे संभवनीय वाटत नाही.

२००२ साली संमत झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यान्वये शाळांना प्रतिवर्षी विहित प्रगती दाखविणे भाग होते. २०१४ पर्यंत सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण व्हावयाचे होते! अशा दडपणाखाली मोजमापच विकृत होते, हे समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० नंतरच्या दशकातच मांडले होते.

उत्तरपत्रिकेवरील पेन्सिलीच्या खुणा वाचणाऱ्या यंत्रास खोडलेली पुसट खूणही ओळखता येते. विद्यार्थी स्वतः उत्तर बदलतो तेव्हा चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याची उदाहरणे मोजकीच आढळतात. २००९ च्या चाचणीत एखाद्या वर्गातील अशा बदलांची सरासरी राज्याच्या मध्यमानापेक्षा तीन प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास तो वर्ग संशयास्पद मानण्यात आला. प्रसामान्य वितरणात केवळ योगायोगाने असे सुमारे ७४० वर्गांत एकदाच घडेल. अर्थात खाडाखोड कोणी केली, हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. त्यासाठी साक्षीपुराव्याचीच आवश्यकता असते. राज्याच्या चौकशी अहवालात (२०११) तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले, १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गोवलेले होते, आणि त्यांपैकी ८२ जणांनी कबुली दिली. पार्क्स ही त्यांतील एक शाळा. २०१५ साली ११ जण न्यायालयात दोषी ठरले.

खटल्याचा बोलबाला पुष्कळ झाला. खरी हानी मात्र विद्यार्थ्यांची होती. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास जादा शिकवणीचे साहाय्य मिळावयाचे, पण कागदोपत्री उत्तीर्ण ठरलेल्यास ते कोण देणार? वाचन कच्चे असलेली मुले वरच्या वर्गात ढकलली गेली. ज्यांच्या उत्तरपत्रिका २००९ साली बदलल्या गेल्या, त्यांच्यासाठी अटलांटाच्या शाळाखात्याने पुढे साहाय्य-योजना सुरू केली. २००६ साली आठवीत असलेली मुले तोवर शालेय वय ओलांडून गेली होती.